चार नंबरचा पाळणा

माझं गिऱ्हाईक आजवर माझ्याशी एक शब्दही बोललेलं नाही. बोलायला लागलं की ते माझं गिऱ्हाईक राहत नाही. तोंडात दात नाहीत, अंगावर धड कपडे नाहीत, आणि माल पसंत पडला नाही तर अख्खी सोसायटी डोक्यावर घेतं. पैसे देणारे वेगळे. ते बिचारे शेजारी उभे असतात, डोळे चोळत. मी पाळणे भाड्याने देते. सुरतेत, बमरोलीला. मराठी लोक मला पाळणेवाली मावशी म्हणतात, गुजराती गिऱ्हाइकं मासी म्हणतात, आणि माझं खरं नाव आता आधार कार्डाशिवाय कुठे सापडत नाही.

पाळणा काय भाड्याने घ्यायची वस्तू आहे, असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी विचारते, विकत कधी घेणार? मूल जन्माला यायच्या आधी घरात पाळणा आणायचा नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणजे नऊ महिने नुसतं बसून राहायचं. मग मूल येतं आणि बाराव्या दिवशी बारसं. सुताराला सांगावं तर तो म्हणतो, महिना लागेल. आणलाच विकत, तर दीड वर्षाने मूल त्यातून उतरतं आणि पाळणा खोलीत तसाच उभा. एका खोलीच्या घरात आधी त्यात चादरी जातात, मग कुकर जातो, मग एखाद्या दिवशी मांजर विते. त्यापेक्षा माझ्याकडून न्या, मूल मोठं करा, आणून द्या. हा एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला, त्याला आता वीसेक वर्षं होतील. माझे यजमान पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये फिटर होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाळण्याचे सांधे मी बघतो. सासवांचे तू बघ." तशी वाटणी झाली, आणि अवघड काम माझ्याकडे आलं.

माझ्याकडे दोन प्रकारचा माल आहे. एक आपला लाकडी पाळणा, कठड्याचा, वर खेळणी टांगायला कड्या. दुसरं गुजराती घोडियुं, म्हणजे चार पायांचा लोखंडी स्टँड आणि त्याला टांगलेली कापडाची झोळी. झोळी आईच्या पोटासारखी अंगाला लपेटते, म्हणून मूल त्यात लवकर झोपतं. आपल्या मराठी सुना बारसं लाकडी पाळण्यात करतात आणि तेराव्या दिवशी गुपचूप घोडियुं मागायला येतात. झोळीला कापड सुतीच लागतं. साऱ्या देशाला साड्या पुरवणारं हे शहर, पण साध्या मऊ सुती कापडाच्या तुकड्यासाठी मी या बाजारात चपला झिजवल्या आहेत. शेवटी युक्ती काढली. गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमच्या आजीची जुनी वापरलेली साडी आणा. मूल आजीच्या साडीत झोपतं आणि आजी पुढचे सहा महिने कुणाशी भांडत नाही. लाकडाला मी रंग लावत नाही, कारण माझी गिऱ्हाइकं लाकूड चाखून बघतात. नुसतं तेल लावते. आणि रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून टेम्पोतून पाळणा पाठवताना त्यात पाच किलो बटाटे ठेवते. पाळणा पोचला की बटाटे परत. एका घरी त्याची भाजी झाली होती. त्यांना मी पाळण्याबरोबर आशीर्वाद दिले, बटाट्यांबद्दल बोलले नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कामरेजला एक इंजिनियर बाप होता. त्याने माझ्या घोडियाला मोटर बसवली. मिनिटाला किती झोके हे मोबाइलवर ठरवलं आणि बायकोला म्हणाला, आता दोरी ओढायची गरज नाही. पोरगं त्या मोटरकडे डोळे फाडून बघत बसलं. तीन दिवस दुपारी कुणी झोपलं नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "मासी, तमे आवीने झुलावो ने." मी दोन बस बदलून गेले, मोटरीची वायर काढली, दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि त्याच्या बायकोशी मेथीच्या भाजीवर गप्पा मारत बसले. दहा मिनिटांत पोरगं झोपलं. इंजिनियर म्हणाला, नेमका स्पीड किती ठेवला? मी म्हटलं, मेथी निवडताना असतो तेवढा.

आणखी एक आजोबा, नव्वद किलोचे. नातवाचा फोटो काढताना म्हणाले, लहानपणी मला पाळणा मिळाला नाही, मला बसू द्या. बसले. माझ्या यजमानांनी तो सांधा तीनदा बसवला, पण त्या पाळण्याला पुन्हा सूर सापडला नाही.

असे दिवस मजेत चालले होते. आता जे सांगते ते मजेत सुरू झालं आणि माझ्या अंगाशी आलं.

माझ्याकडच्या चार नंबरच्या पाळण्याची हकिगत. पहिले तीन पाळणे मी विकत घेतले होते. एकदा तिन्ही बाहेर गेले आणि दारात चौथं गिऱ्हाईक उभं. तेव्हा मी माळ्यावरून आमचा घरचा पाळणा काढला. त्यात माझी रेखा झोपलेली, माझी एकुलती एक मुलगी. तेल लावलं, खाली चार आकडा लिहिला, दिला पाठवून. योगायोग असा की त्यात पहिला गेला तो मुलगा, दुसरा मुलगा आणि तिसराही मुलगा. मग एक सासूबाई पाळणा बघायला आल्या. वरखाली बघितलं, कठड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "यामा कोण झोपेल व्हतं वं?" आमच्या धुळ्याकडची अहिराणी ऐकली आणि मीही घरची होऊन गेले. म्हटलं, "यामा बठ्ठा पोऱ्याच झोपेल शेतस." यात सगळे मुलगेच झोपलेत.

बाईंचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. मला त्या क्षणी फार हुशार असल्यासारखं वाटलं. रेखाचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं, हे मात्र खरं.

आता कुणीही विचार करावा. पाळणा नेतात मूल जन्मल्यावर. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण लोकांनी वाट काढली. आधी म्हणाले, यात मुलीला झोपवलं की पाठीवर भाऊ येतो. मग त्याच्याही पुढे गेले. सातव्या महिन्यातच चार नंबर घरी न्यायला लागले आणि गरोदर सुनेच्या खाटेजवळ उभा करायला लागले. जन्माआधी पाळणा आणायचा नाही, या ज्या रीतीवर माझा धंदा उभा होता, ती रीत मोडून बायका माझ्याकडे नंबर लावत होत्या. पांडेसरा, बमरोली, उधना, सगळीकडून. ज्यांना मुलगा झाला त्या पेढे घेऊन यायच्या. ज्यांना मुलगी झाली त्या यायच्या नाहीत, टेम्पोवाल्याबरोबर पाळणा परत पाठवायच्या. त्यामुळे माझ्या दारात कायम पेढेच दिसायचे.

शेजारच्या छायाताई एवढ्या एकट्या मला बोलल्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत, बाई स्वतः बालवाडी चालवतात, आणि रेखाला त्यांनी त्याच पाळण्यात झोके दिलेले. म्हणाल्या, "मावशी, हे बरोबर नाही. ज्या घरात मुलगी झाली तिथे काय बोलत असतील?" मी हसून म्हटलं, "अहो, लोकांना तेवढाच आनंद." त्या हसल्या नाहीत.

दोन वर्षांमागे कमलबाईंनी चार नंबर नेला. मूळ शिरपूरकडच्या, इथे बमरोलीच्याच दुसऱ्या टोकाला घर. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, सून वैशाली, पहिली मुलगी परी चार वर्षांची. वैशालीला सातवा लागला होता. कमलबाई स्वतः टेम्पोत पाळण्याशेजारी बसून गेल्या, कठडा धरून.

वैशालीला मुलगी झाली. आणि दहाव्या दिवशी पाळणा परत आला. लाकडी पाळण्याबरोबर गादीवर घालायला मी एक घडीचं दुपटं देते. त्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. म्हणजे पोरीला एकदाही त्यात ठेवलं नव्हतं. बारशाला दोन दिवस असताना पाळणा परत येतो कसा, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले.

बाळ खाली गोधडीवर होतं. वैशाली बॅग भरत होती, परी तिला खेळण्याचे तुकडे आणून देत होती. कमलबाई दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. बारसं करायचं नाही असं ठरलं होतं. सोमवारच्या गाडीने सून दोन्ही मुलींना घेऊन अमळनेरला माहेरी जाणार होती. परत कधी यायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "कमलबाई, असं काय करता?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "पाळणामा खोट नही. आख्खी बमरोली सांगस. मंग खोट कोणामा शे?"

पाळण्यात खोट नाही, मग खोट कुणात आहे? माझ्या एका थापेने मी पाळण्याला निर्दोष ठरवलं होतं, आणि दोष जाऊन बसला होता त्या ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर. वैशालीने बॅगेची चेन लावता लावता मला हळूच विचारलं, "मावशी, खरंच सगळ्यांना मुलगेच झाले? एकीलाही मुलगी नाही झाली?" तिला माझ्याकडून एकच नाव हवं होतं. कुठल्याही एका मुलीचं.

आणि मी काय केलं? म्हटलं, "बघते, आठवून सांगते." आणि घरी निघून आले. याची लाज मला आजही वाटते. स्वतःच्या पोटच्या पोरीचं नाव आठवायला मला घरी जावं लागलं.

रेखा तेव्हा माहेरी येऊन जेवत होती. तिचं सासर उधन्यालाच, ती एका साडीवाल्याकडे कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल. त्यांना सांगू की चार नंबरमध्ये तू झोपली होतीस."

तिने ताटातली पोळी संपवली. मग म्हणाली, "मी कशाला येऊ? त्यात तर सगळे मुलगेच झोपलेत ना." आणि हात धुवायला उठली.

ती मला बोलून मोकळी झाली, पण मला कळलं की हे तिने आज तयार केलेलं वाक्य नव्हतं. इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला मी जे सांगत होते ते ती आतल्या खोलीत बसून ऐकत आली होती. शाळेचा अभ्यास करताना ऐकलं असेल, लग्नाच्या याद्या करताना ऐकलं असेल. एकदाही बाहेर येऊन म्हणाली नाही की आई, आणि मी? मी तिच्या जागी असते तर पाळण्याला काडी लावली असती.

सकाळी मी एकटीच गेले. कमलबाईंच्या समोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. चार नंबरमध्ये सगळ्यात आधी माझी मुलगी झोपली. नंतरही कितीतरी मुली झोपल्या. मी खोटं बोलले, धंद्यासाठी बोलले, पेढे खात बोलले.

कमलबाई म्हणाल्या, "आते सांगस? तवय काय तोंडमा गूळ व्हता?"

मला वाटलं, आता त्या मऊ होतील, सुनेला हाक मारतील. कुठलं काय! त्यांना वेगळीच काळजी लागली होती. साऱ्या गल्लीत त्या सांगून आल्या होत्या की दोष सुनेचा आहे. आता खरं कळल्यावर हसं कुणाचं होणार? "मीच एकली कसाले येडी ठरू?" त्या कडाडल्या. "बठ्ठास्ना म्होरे सांग. मी बाया बलावस."

आणि माझी फजिती बघायला बायका बोलवायच्या तर निमित्त हवं. निमित्त म्हणून बारसं ठरलं. बारसं ठरलं म्हणून घुगऱ्या भिजत पडल्या. पाहुण्या येणार तर सून घरात नको का, म्हणून सोमवारचं तिकीट रद्द झालं. वैशालीने भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली. एका घराला सून परत मिळण्याची इतकी उलटी तऱ्हा मी दुसरी पाहिलेली नाही. त्या संध्याकाळी टेम्पोवाला चार नंबर घेऊन परत त्याच दारात गेला.

बारशाला पस्तीस-चाळीस बायका. निम्म्या माझी जुनी गिऱ्हाइकं, काही नंबर लावून बसलेल्या. पाळण्यात रीतीप्रमाणे आधी वरवंटा झोपवला होता, त्याला झबलं-टोपडं घालून. काजळसुद्धा लावलं होतं. मी त्या वरवंट्याकडे बघत बोलायला सुरुवात केली, कारण बायकांकडे बघायची हिंमत नव्हती. सांगून झालं तेव्हा बायकांनी घुगऱ्यांच्या वाट्या खाली ठेवल्या.

मग एकदम फुटलं सगळं. "तीन महिने मी त्या पाळण्याला पाय लागू दिला नाही!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मी रोज उदबत्ती लावली." तिसरी उठून उभीच राहिली, "पण मला तर मुलगा झालाच की!"

मी म्हटलं, "बाई, त्याचं कौतुक तुमचं आणि तुमच्या मालकांचं. लाकडाला कशाला देता?"

आधी छायाताई हसल्या, मग कोपऱ्यातल्या दोघी, मग खोलीभर बायका. नंबर लावून बसलेल्यांपैकी मात्र चौघी घुगऱ्या न घेता उठून गेल्या, त्या आजतागायत माझ्या दारात आलेल्या नाहीत. त्यांच्या सुनांचं काय झालं ते मला माहीत नाही. ते कोडं माझ्याबरोबरच राहणार.

गलक्यात कुणीतरी मोठ्याने विचारलं, "मग कुठे आहे ती तुमची मुलगी? का तीही थापच?"

"मी आहे," दारातून आवाज आला. रेखा उभी होती. गळ्यात कामावरचं कार्ड, हातात स्कूटरची चावी. ती केव्हा आली, तिने किती ऐकलं, मला ठाऊक नाही. मी तिला बोलावलं नव्हतं, छायाताईंनी कळवलं असावं. परत बोलवायची माझी छाती नव्हती.

कमलबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता शिक्षण विचारतील, पगार विचारतील, मुलगा आहे का विचारतील. त्या पाळण्याजवळ गेल्या, कठड्यावर हात ठेवला आणि रेखाला विचारलं, "झोप लागे का वं तुले यामा?"

रेखा गोंधळली. मग म्हणाली, "आई सांगते, मस्त लागायची."

कमलबाईंनी झबल्यासकट वरवंटा उचलून बाजूला ठेवला आणि आत हाक मारली, "वैशू, आना पोरले आठे."

वैशालीने बाळ आणलं. परीला पाळण्याला धरून उभं राहायचं होतं, तिला कुणी आवरलं नाही. आत्याने नाव ठेवलं, बायकांनी आत्याच्या पाठीत रीतीपेक्षा जास्तच धपाटे घातले. कमलबाईंनी दोरी हातात घेतली ती कुणाला दिली नाही. सुनेशी त्या अजून बोलल्या नव्हत्या, पण बाळाच्या तोंडावरची माशी त्यांनीच पदराने उडवली. वैशाली भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती रडली नाही की हसली नाही. नुसती हात पसरून म्हणाली, "मावशी, घुगऱ्या द्या ना इकडे. भूक लागलीय."

रेखाने मला स्कूटरवर मागे बसवलं. मिलची पाळी सुटली होती, रस्ताभर सायकली, रिक्षा, टेम्पोचे हॉर्न. तिच्या खांद्याला धरून मी तोंड उघडलं. माफ कर म्हणायला जीभ वळेना. स्वतःच्या मुलीला असं कधी म्हटलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "सॉरी."

"काय?" ती पुढे बघत ओरडली. "हॉर्नमध्ये ऐकू येत नाही."

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

"अजून मोठ्याने बोल, आई."

तिला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं. तिचा खांदा माझ्या हाताखाली हलला होता, मला कळलं होतं. तरी घर येईपर्यंत मी म्हणत राहिले.